थोरल्या जाऊबाई आणि माझे शॉकअप

...आणि वर म्हणाल्या काय? "अगं, वजनच नाही तुला, म्हणून उडालीस!" वजन नाही? मला? बघा तुम्हीच माझ्याकडं... हसू नका, नुसतं बघा! तुम्हाला सांगते, ही अख्खीच्या अख्खी मी त्या सीटवरून अशी उडाले की डोकं वरच्या पायपावर, आणि खाली आदळले ती दात थेट जिभेवर! आणि थोरल्या जाऊबाई शेजारी स्टिअरिंग धरून खिदळतायत! वाळूत पळवायची बग्गी हो ती. दारं नाहीत, छप्पर नाही, नुसता पायपांचा पिंजरा आणि मागं इंजिन. गावाबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत, तिथं सुट्टीच्या दिवशी जाऊबाई ती उधळायच्या, या वयात! मला किती प्रेमानं म्हणाल्या, "चल गं धाकटे, वारं खाऊन येऊ." वारं कुठलं! वाळू खाल्ली मी, रक्तासकट.

जीभ सुजली, बोलणं बंद. आता मी बोलते थोडी, नाही म्हणत नाही... पण जाऊबाईंनी माझ्यादेखत नणंदेला फोन लावला! "धाकटीचं तोंड मिटलंय बाई, घर कसं शांत शांत वाटतंय. दुपारची डुलकीसुद्धा छान लागते!" आणि सासूबाई? पदरात तोंड खुपसून हसल्या! मला उलट बोलताही येईना, नुसतं "अं अं अं"... मी मनात ठेवणारी बाई नाही. पण हे ठेवलं. घडी घालून, वरच्या कप्प्यात.

ठरवलं! आपली बग्गी आणायची आणि ह्याच बाईंना त्याच टेकडीवरून न्यायचं. एका गॅरेजच्या मागं गंजलेली एक पडून होती, ती उचलली. आमचे हे म्हणाले, "अगं, तुला रिव्हर्स घेता येत नाही!" म्हटलं, "मला पुढंच जायचंय."

मग शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे ते स्प्रिंगचे दांडे. ते निवडणं काय सोपं असतं? दुकानात भिंतभर स्प्रिंगा टांगलेल्या, लाल, पिवळ्या, काळ्या, आणि काउंटरमागं एक बाई शेंगदाणे खातायत. "दगडात चालवणार की वाळूत?" "वाळूत." "बसणार कोण कोण?" "मी आणि माझ्या जाऊबाई." "बरं, चाल कशी हवी?" मी सरळ सांगितलं, "माझी सीट लोण्यासारखी, आणि त्यांची अशी, की मणका न् मणका सुटा झाला पाहिजे!"

बाईंचा शेंगदाणा हातातच राहिला. "थोरल्या की धाकट्या?"

"थोरल्या."

"बसा," म्हणाल्या. "मला नणंद आहे."

माणूस भेटावं तर असं! पण धंद्यात पक्क्या हो. म्हणाल्या, "ताई, तसं नाही होत. एक बाजू मऊ, एक कडक केली तर गाडी कलंडेल, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडाल." गळ्यात? जाऊबाईंच्या? नको गं बाई!

मग दुसरा सूड शोधला. गाडी अशी चालवायची, अशी गुळगुळीत, की त्यांच्याच तोंडून सगळ्यांसमोर "मानलं गं तुला" निघालं पाहिजे. ते शब्द बाहेर काढताना त्यांना जे दुखेल ना... त्यापुढं मणका काय! दुकानवाल्या बाई समजावत होत्या, पण मी माझीच अक्कल चालवली. सगळ्यात मऊ शॉकअप द्या म्हटलं! गाडी टेकडीवर अशी डुलायला लागली की खाली तिचं पोट वाळूला घासतंय आणि वर मी माझं पोट धरून बसलेय. परत दिले. मग कडक घेतले. कडक म्हणजे काय, हुबेहूब जाऊबाईंची गाडी! ती कशाला विकत घ्यायची, घरात आहेच की!

शेवटी दुकानवाल्या बाईच शेजारी येऊन बसल्या. दोन दणके खाल्ले आणि म्हणाल्या, "ताई, स्प्रिंग दाबली जाते तेव्हा नाही लागत. परत वर येताना ती उसळी मारते ना, ती माणसाला उडवते. आतल्या तेलानं ती उसळी आवरली पाहिजे." मग घेतले लांब दांड्याचे, उसळी कमी-जास्त करायला बाजूला स्क्रू असलेले. स्क्रू फिरवायचा, टेकडीवर जाऊन यायचं, पुन्हा फिरवायचा. मी मनात ठेवणारी बाई नाही, पण प्रत्येक पिळाला जाऊबाईंचं नाव घेत होते!

आणि आला तो दिवस. सासूबाई, थोरले भाऊजी, आमचे हे, सगळे टेकडीखाली उभे. जाऊबाई म्हणाल्या, "ह्या डबड्यात? बसते बाई, तुझं मन कशाला मोडू." बसा म्हटलं, बसाच!

गाडी चढली. मी तिरक्या डोळ्यानं बघतेय... माथा आला, गाडी पलीकडं झेपावली, उतरली... आणि धक्का? नावाला नाही! दुधावरची साय मोडली नसती! मला तर भरूनच आलं. आता म्हणतील, आता म्हणतील... आणि जाऊबाईंनी काय करावं? मांडी घातली! चालत्या बग्गीत मांडी घालून बसल्या आणि लागल्या बोलायला! "धाकटे, परवा पडदे धुतलेस ते नीट पिळले नव्हतेस. आणि तुझा मुलगा उलट बोलतो गं, कुणावर गेलाय? आणि पाहुण्यांसमोर त्या दिवशी तू..." माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे वाळूवर, उत्तराला तोंड उघडलं की वाळूची मूठ आत! स्वतःच्या गाडीत, स्वतः निवडलेल्या शॉकअपवर, मी मुकाट्यानं ऐकतेय!

खाली आलो. सासूबाईंनी विचारलं, "काय गं थोरले, कशी आहे?"

जाऊबाईंनी साडी झटकली. "बरी आहे."

बरी! एवढंच! मी मनात ठेवणारी बाई नाही, पण ते "बरी"सुद्धा ठेवलंय.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? स्वतःची बग्गी विकून टाकली! "घरात दोन कशाला? तुझी काय, माझी काय, एकच." झालं! आता दर सुट्टीला दारात हाक येते, मी चालवते, त्या बोलतात... आणि वर, बसताना म्हणतात, "उन्हात लावलीस गं धाकटे, सीट तापली."