आरशांवरच्या चादरी

प्लेव्हन शहरातल्या बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे ल्युबेन त्याच्या शेजारणीला, स्तोयनाकाकूंना, धारेवर धरत होता.

"काकू, माझी सासू गेली असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? दार उघडं, आत अंधार, आणि सगळ्या आरशांवर चादरी. आपल्यात घरात कुणी गेलं तरच आरसे झाकतात, तूच सांग."

"घरी लेझरचा खेळ लावत होतो. किरण आरशावरून उलटून डोळ्यात जाऊ नये म्हणून झाकले."

"घरात धुपाचा धूर कोंडला होता."

"तो यंत्राचा धूर. त्याशिवाय किरण दिसत नाहीत."

"आणि तुझी बायको? काळा चष्मा लावून, मान खाली घालून जमिनीवर बसलेली. आणि सासू कुठेच दिसेना."

"किरण डोक्यावरून जायला हवा ना. सगळं नीट जुळेपर्यंत मीच तिला तसं बसवलं होतं. आत येऊन विचारायचंत तरी."

"सुतकाच्या घरात काय विचारणार?"

"म्हणून थेट इमारतीच्या दारावर निधनाचा कागद? फोटोसकट?"

"सगळ्यांचाच लावतात. फोटो चांगला नव्हता का?"

"फोटो सासूबाईंना आवडला. बाजारातून आल्या आणि स्वतःचं निधन दोनदा वाचलं."

"मग फाडून टाक तो कागद."

"फाडू देत नाहीत. माझा लेझरचा चष्मा लावून समोरच्या बाकावर बसल्यात. कोण थांबतं, कोण रडतं, बघतायत."

"अगं बाई. आमचे हे मघाशी तिकडूनच गेले. थांबले ना?"

"थांबले. माझ्यासमोरच पूर्ण वाचलं, आणि शीळ घालत पुढे गेले."