आधी शेवटचं पान

आई गेली त्याच्या आदल्याच दिवशी नेपियर टाउनच्या दातांच्या दवाखान्यात विनता मागच्या बाकावर होती. पुढे आई आणि तिचे शाळेपासूनचे मित्र अच्युतकाका. बाबांच्या माघारी आईला कादंबऱ्या आणून देणारे तेच.

"अनसूयाबाई, पुन्हा शेवटचं पान आधी? काहून?"

"लग्न होते का ते पाहून राहिली. झालं, जुन्या मित्राशी. तीनशे पानं लागली बावळटाला विचारायला."

"लवकरच विचारलं म्हणा!"

"हो ना. काहींना जन्म पुरत नाही. नुसती पुस्तकं पोचवतात."

"अच्छा! नायिकेला तोंड नव्हतं?"

"होतं जी. पण मुलगी काय म्हणेल, याची धास्ती."

विनतानं मासिकात डोकं आणखी खुपसलं.

तेरावं आटोपल्यावर काका कादंबरी परत न्यायला आले.

"मुलीला विचारायचं तरी, काका," विनता म्हणाली. "ती हो म्हणाली असती."