शेवटची पाकळी

हर्षिता: पाणी नको, अक्का. कॉफीपण नको. मला अण्णांना एवढंच विचारायचंय, माझी अकरावी तक्रार त्यांनी चार मिनिटांत बंद कशी केली?

ऋचा: चार मिनिटं? नशीबवान आहेस. मी गीझरची तक्रार केली तेव्हा दोनच लागली होती. "मी आंघोळ केली, मला गरम पाणी आलं." झालं, विषय संपला! थांब हं. पुष्कर! अरे बाहेर ये, तुझ्या त्या कशिदाची तक्रार आलीये.

पुष्कर: बघतो गं सोमवारी, ऑफिसातून आल्यावर.

ऋचा: सोमवारी नाही, आत्ता. ती सोफ्यावर बसलीये.

पुष्कर: सोफ्यावर कोण... ओ, नमस्कार. तुम्ही?

हर्षिता: मी हर्षिता. चिकपेटात आमचं भरतकामाचं दुकान आहे. आठ मशिनी आहेत, आठही तुमच्या कशिदावर चालतात.

पुष्कर: अरे वा! पण... घरचा पत्ता कसा मिळाला तुम्हाला?

हर्षिता: तुमच्या कशिदाच्याच फाइलीत सगळ्यात वर लिहिलाय की. नाव, मजला, बनशंकरी, पिनकोड. मेट्रोत बसले, उतरले, आले.

ऋचा: सासऱ्यांची शिस्त! जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनियर. पूर्ण पत्ता नसलेला कागद ते हातात धरत नाहीत. मुलानं कॉम्प्युटरची भाषा काढली, तर तिलाही पिनकोड.

पुष्कर: ऋचा, प्लीज.

ऋचा: बरं, मला सांग हर्षिता, त्या भाषेत करतात तरी काय? लग्नाला सहा वर्षं झाली. याला विचारलं की म्हणतो, डॉक्युमेंटेशन वाच.

हर्षिता: सोपं आहे अक्का. सुई कुठं न्यायची, किती टाके घालायचे, किती वळायचं, ते ओळीओळीनं लिहायचं. मशिन जसंच्या तसं कापडावर भरतं. भाषा चांगली आहे हो. म्हणून तर भांडायला आले, नाहीतर सोडून दिली नसती का?

पुष्कर: हे बघा, तुमचा इश्यू मी वाचला होता. गोल नक्षीचा ना? माझ्याकडे तो रिप्रोड्यूसच होत नाही. स्क्रीनवर गोल पूर्ण दिसतो.

हर्षिता: स्क्रीन कोण नेसतं अण्णा? तुम्हीच लिहिलं होतं, "दाखवा." हे घ्या, आणलंय.

(हर्षिता पिशवीतून ब्लाउजची पाठ काढून टीपॉयवर पसरते.)

ऋचा: अगं बाई, किती सुंदर! हे मशिनवर केलंय?

हर्षिता: सतरा पाकळ्यांचं कमळ. आता इथं बघा. पहिली पाकळी आणि ही शेवटची. मध्ये काय दिसतं?

ऋचा: फट दिसते.

पुष्कर: जेमतेम एक मिलिमीटर आहे. एवढं टॉलरन्समध्ये बसतं.

ऋचा: पुष्कर, मला सोफ्यावरून दिसतेय ती.

हर्षिता: आणि असले बत्तीस ब्लाउज करायचेत. मल्लेश्वरमच्या एका नृत्यशाळेचे. पाठीवर कमळ, आणि मुली नाचताना पाठ फिरवणार. बाई सोमवारी सकाळी नमुना बघायला येणार आहेत. तो पसंत पडला नाही, तर दुकान सांभाळणारे विश्वासकाका कशिदा आठही मशिनींवरून काढून टाकणार आणि मी उद्यापासून... नाही, परवापासून गल्ल्यावर. तसं सांगूनच टाकलंय त्यांनी सगळ्यांसमोर. दोन वर्षं खपून मी एकटीनं बसवलंय हे सगळं, अण्णा. मला गल्ल्यावर नाही बसायचं.

पुष्कर: मला वाईट वाटतं, खरंच. पण माझी बाजूही समजून घ्या. मी हे फुकट करतो. दिवसभर व्हाइटफील्डला नोकरी, जाता-येता तीन तास ट्रॅफिक. उरल्या वेळात हे. आणि लोक कसं बोलतात माहितीये? तो एक नागोजी आहे. मला म्हणाला, "तुम्ही आयुष्यात सुई तरी धरलीत का?"

हर्षिता: ती मी.

पुष्कर: काय?

हर्षिता: नागोजी आमचे कारागीर. नाव त्यांचं, लिहिलं मी. तिसऱ्या तक्रारीनंतर तुम्ही मला ब्लॉक केलंत ना. मग काय करायचं?

पुष्कर: आणि यशोवर्धन? भाषेचं नाव बदला म्हणणारा?

हर्षिता: तो चुलतभाऊ. ते मात्र त्यानं स्वतः लिहिलं, मी नाही. वेडा आहे तो स्वल्प.

पुष्कर: सोयराबाई? त्या किती सभ्य आहेत! शेवटी "देव तुमचं भलं करो" लिहितात.

हर्षिता: माझी आत्या. सांगितलं तिनं, टाइप केलं मी. ते "भलं करो"सुद्धा तिचंच, मी नसतं लिहिलं.

ऋचा: मग? त्या सभ्य बाईंची तक्रार सोडवलीस का तू?

पुष्कर: डुप्लिकेट म्हणून क्लोज केली. हसू नकोस. उघड्या इश्यूंचा आकडा वाढला की मला सकाळी उठवत नाही, खरं सांगतो. आणि तुमच्याकडचे चार जण सोडले तरी बाकीचे आहेतच की! गेल्या महिन्यात दोनशे आठ वेळा उतरवून घेतली गेलीये कशिदा. दोनशे आठ! मी बाबांनाही फोन करून सांगितलं. त्यांनी सोसायटीत सांगितलं.

हर्षिता: दोनशे आठ?

पुष्कर: त्याच्या आदल्या महिन्यातही जवळपास तेवढ्याच वेळा. एवढ्या लोकांमध्ये एकेकाचं ऐकत बसलो तर...

हर्षिता: अण्णा, स्वल्प थांबा. आमच्या मशिनी सकाळी चालू झाल्या की तुमची भाषा नव्यानं उतरवून घेतात. मीच तसं लावलंय. आठ मशिनी. गेल्या महिन्यात चार रविवार सुट्टी.

ऋचा: आठ गुणिले सव्वीस... अरे देवा.

पुष्कर: पण रोज नव्यानं कशाला? मी तर महिनोन्‌महिने काही बदललेलं नाही.

हर्षिता: तुम्ही रात्रीतून दुरुस्त केलं असेल तर मिळावं म्हणून.

ऋचा: पुष्कर, बस इथं. बस जरा.

पुष्कर: म्हणजे कोणीच नाही. पाच वर्षं मी कोणालाही नको असलेली भाषा...

हर्षिता: अय्यो, असं काय बोलता! मी चिकपेटहून उगीच आले का? बाजारातलं विकतचं सॉफ्टवेअर होतं आमच्याकडे. त्यात कमळ म्हटलं की त्यांचंच कमळ. तुमच्यात माझं लिहिता येतं. आत्याच्या हातच्या एकोणीस नक्ष्या मी कशिदात उतरवल्यात. तिला आता सुई धरवत नाही, हात थरथरतात. पण मशिन तिचाच टाका घालतं. ती स्टुलावर बसून बघत असते, माहितीये? तुम्ही आता तोंड पाडून बंदबिंद करायचं बोललात ना, तर मी इथून उठणार नाही.

ऋचा: घ्या! आली होती भांडायला, आणि आता त्याची समजूत काढतेय. थांब, मी कॉफी टाकते, आणि आता नाही म्हणायचं नाही.

हर्षिता: सरी अक्का. साखर कमी.

पुष्कर: त्या... सोयराबाईंनी काय लिहिलं होतं?

हर्षिता: उघडून बघा ना. चौथी आहे.

पुष्कर: थांबा. चौथी... ही. "नमस्कार. आम्ही हाताने कमळ भरताना कोणतीही पाकळी आधीच्या पाकळीवरून मोजत नाही. प्रत्येक वेळी मधल्या ठिपक्याकडे परत जातो आणि तिथून मोजतो. नाहीतर केसाएवढी चूक पाकळीगणिक वाढत जाते. आपले मशिन बहुधा पाकळीवरून पाकळी मोजत असावे. देव तुमचं भलं करो."

ऋचा: म्हणजे काय रे?

पुष्कर: म्हणजे मी प्रत्येक टाक्याला अपूर्णांक सोडून पूर्ण आकडा धरत होतो आणि पुढचा टाका त्याच चुकलेल्या जागेवरून धरत होतो. सतराव्या पाकळीपर्यंत सगळ्या चुका साठतात. पडद्यावर मी अपूर्णांक तसाच ठेवतो, म्हणून तिथं गोल जुळतो. त्यांचं बरोबर आहे. आठ महिन्यांपूर्वी सगळं लिहून दिलंय, आणि मी... शी! दहा ओळींचं काम आहे हे.

हर्षिता: सोमवारी सकाळी दहाला बाई येणार.

पुष्कर: आज संध्याकाळी देतो. तुम्ही उद्या भरून बघा. नाही जुळलं तर मी येतो चिकपेटला, तुमच्या मशिनसमोर बसतो. काकांशीही बोलतो हवं तर.

हर्षिता: काकांशी नको, मशिनसमोर बसा.

पुष्कर: बसतो. आणि ही चौथी आत्ताच परत उघडतोय. पण उत्तर काय लिहू? सॉरी लिहू? की आधी दुरुस्त करून मग सविस्तर लिहू? आठ महिन्यांनी एखाद्या म्हाताऱ्या बाईंना काय लिहितात?

हर्षिता: ती अजून विचारते हो, काय म्हणाले ते. "वाचलं" एवढंच लिहा, अण्णा.