दरकी लावा

आता 'दरकी लावा' म्हटल्यावर माणसानं काय लावायचं, तुम्हीच सांगा! दरवाजा? की खिडकी? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं मी, दरवाजे वेगळे केले, खिडक्या वेगळ्या केल्या, पण दरकी...? आणि विचारावं, तर बायको कपाळाला आठ्या घालून म्हणते, "अहो, द-र-की!" मग काय, दोन्ही लावलं आणि बसलो दोघं घामाघूम! तक्रार नाही हो माझी, पण...

बायको म्हणजे शाळेतली मास्तरीण! मी तोंडात खिळे धरून बोलायचो, अर्धेच शब्द बाहेर पडायचे, की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "खिळे काढा आधी, आणि पूर्ण शब्द बोला!" तीस वर्षं हेच! आणि एका सकाळी, चहा गाळता गाळता, मेंदूत गुठळी काय झाली, वाचाच गेली. तीन महिने घरात आवाज नाही. मी मुद्दाम तोंडात खिळे धरून बडबडायचो हो, वाटायचं, आता तरी चिडेल... नुसती बघायची.

मग एक दिवस म्हणाली, "चमाटी." चमचा आणि वाटी! मी तर नाचलोच! म्हटलं, दोन शब्दांचे तुकडे जोडते का? जोडू दे! सांधा वाकडा असेना, बसला तर आहे! तिला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, चुका काढू नका, तुम्हीही तसंच बोला." बोललो! उशी-पांघरुणाचं उशरूण झालं, साबण-टॉवेलचं साबवेल झालं... बोलता बोलता जीभच तशी वळली! तक्रार नाही हो माझी, पण...

परवा दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी ऐटीत म्हटलं, "एक चांगली खिळोडी द्या!" दुकानदार बघतोय माझ्याकडे, मी बघतोय त्याच्याकडे... आणि मागून खणखणीत आवाज,

"खिळे आणि हातोडी! पूर्ण शब्द बोला!"

अहो, काय सांगू! तिथंच काउंटरला धरून उभा राहिलो, डोळ्यांना धार! दुकानदार म्हणतो, "काका, डोळ्यात भुसा गेला का?" म्हटलं, "नाही रे बाबा, बायको परत आली!"

आता रोज सकाळी मला समोर बसवते. दहा वेळा 'दरवाजा', दहा वेळा 'खिडकी'. तिची वाचा आली, माझी गेली ती गेलीच! तक्रार नाही हो माझी... आणि असली, तरी मला बोलू कोण देतंय?