दौलतचा फोटो

(ठाणे, १८९७. नौपाड्यातल्या एका फोटोग्राफरची काचेच्या छपराची खोली. भर दुपार.)

हरिहरपंत : …तर मानेमागं हा लोखंडी चिमटा लागेल, त्याला भिऊ नका. डोकं हलू नये एवढ्याचसाठी आहे तो. आयुष्य-बियुष्य काही ओढून घेत नाही.

सहदेव : आयुष्याचं भ्याव नाय, पंत. पागोटं नीट बसलंय काय?

हरिहरपंत : जरा सैल आहे. तुमचं नाही वाटतं?

सहदेव : थोरल्या भावाचं हाय. दौलतचं.

हरिहरपंत : असू द्या. पुष्कळ लोक मागून आणलेल्या कोटात बसतात इथं. आता खांदे सोडा. कॅमेऱ्याच्या काचेकडे बघूच नका, माझ्याकडे बघा. फोटो कुणासाठी?

सहदेव : आईसाठी. राजापूरकडं गावी असते. अंथरुनाला खिळलीय.

हरिहरपंत : मग झालं तर. मी म्हणजे आईच समोर बसलीय असं समजा. माझं नेहमीचं औषध आहे हे. आईचं नाव काढलं की खडूस फौजदारसुद्धा मऊ पडतो. अहो, तुम्ही तर उलट लाकूड झालात. आणि नजर सारखी चुकवताय, सहदेवराव.

सहदेव : पंत, ह्या डाव्या गालावर काजळाचा तीळ लावाल?

हरिहरपंत : तीळ कशाला?

सहदेव : दौलतला व्हता.

हरिहरपंत : होता?

सहदेव : शिमग्याच्या आधी गेला. कल्याणात, प्लेगच्या इस्पितळाच्या छपरात.

हरिहरपंत : अरेरे. आणि आईला ठाऊक नाही.

सहदेव : दौलतचं तोंड दिसल्याबिगर औषध घेनार नाय म्हनते. आमी दोघं दिसायला सारखेच. तीळ तेवढा सोडून.

हरिहरपंत : म्हणजे मरायला टेकलेल्या बाईला फसवायचं काम सांगताय मला.

सहदेव : व्हय.

हरिहरपंत : बरं. लावतो तीळ. पण नजर अशी हलत राहिली तर डोळे पुसट येतील. होतंय तरी काय तुम्हाला?

सहदेव : त्याला ताप भरला तवा प्लेगचे तपासनीवाले चाळीत आले. तो माळ्यावर लपला, भाताच्या पोत्यांमागं. म्हनाला, सांगू नको, तिथनं कोन परत येत नाय. माझी पोरं लहान. मी माळ्याकडं बोट केलं.

हरिहरपंत : नसतं केलंत तर पोरं राहिली नसती कदाचित.

सहदेव : नेताना वरडला नाय तो. निसता बघत व्हता माझ्याकडं. तुमी ‘माझ्याकडे बघा’ म्हनता, आनि तोच दिसतो मला.

हरिहरपंत : मग नका बघू माझ्याकडे. माझंच चुकलं. त्या भिंतीवरच्या खुंटीकडे बघा. श्वास सोडा हळूच. हां, असेच. एक, दोन, तीन, चार. झालं. अजिबात हलला नाहीत.

सहदेव : दौलत दिसल ना?

हरिहरपंत : दिसेल. आता तो तीळ पुसा. फोटोची एक काच शिल्लक आहे, तुमचाही काढतो. आईजवळ दोघं राहाल.

सहदेव : माझा नको. मी गेलो म्हनून कळवलंय तिला.

हरिहरपंत : तुम्ही?

सहदेव : दोघांतला एक गेला, हे गावात कळलंच व्हतं. कोनता, ते मी लिवून धाडलं.

हरिहरपंत : मग काय म्हणाली ती?

सहदेव : दौलत वाचला म्हनून देवीला नारळ वाढवून घेतलान.