होय दाबणारे नरहरी काका

...आणि मले सांगा, घरच्या कॉम्प्युटरवर पान दिसायले जागा तरी किती पाहिजे? आमच्या नरहरी काकांच्या कॉम्प्युटरवर चार बोटं उरली होती. बाकी सगळा पडदा टूलबारच्या पट्ट्यांनी भरलेला. एक पट्टी हवामानाची, एक राशिभविष्याची, एक हसऱ्या तोंडांची, एक म्हणते मी तुमचा कॉम्प्युटर वेगवान करते आणि तीच सगळ्यात जास्त जागा खाऊन बसलेली... पेपरातली बातमी पाहायची तर दाराच्या फटीतून पाहुणे पाहावेत तशी, एकेक ओळ वर सरकवत. मी म्हटलं, काका, ह्या कोणी लावल्या? काका म्हणतात, "मी काहून लावू? त्या आल्या." आल्या म्हणजे? पट्ट्या काय रिक्षा करून येतात? "त्यांनी विचारलं, येऊ का. मी होय म्हटलं."

होय म्हटलं. संपलं. आता तुम्हाले सांगतो, ह्या एका वाक्यात माझं सगळं तारुण्य चाललंय.

म्हणजे पाहा, मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, त्यामुळे आमच्या खानदानात मी वाया गेलेला पोट्टा. लग्नात जेवायले बसलो की शेजारचा माणूस विचारतो, मग आता काय करून राहिला? पण कॉम्प्युटर हँग झाला की हाच वाया गेलेला पोट्टा एकदम "आमचा शिशिर" होतो. "शिशिर, बेटा, जरा येऊन जा." आणि मी जातो. रायपूरच्या सदर बाजारातल्या त्या गर्दीतून गाडी काढत, सोनाराच्या दुकानासमोर दोन-दोन पाय टेकवत, पुरानी बस्तीत काकांच्या घरी जातो, पट्ट्या उपटतो, आणि निघताना दरवेळी एकच सांगतो : काका, आधी वाचा, मग दाबा. पडद्यावर चौकट आली की आधी वाचा, मग दाबा. नाही समजलं तर कोपऱ्यातली फुली दाबा. एवढंच. याच्यात अवघड काय आहे, तुम्हीच सांगा.

अवघड हे आहे की काका जन्मभर कचेरीत बसले. टेबलावर कागद आला की सही. कागदात काय आहे ते खालच्यानं पाहिलेलं असते, वरचा पाहणार असतो, मधल्यानं फक्त कागद अडवायचा नाही. आणि घरी काय, तर दारी आलेल्याले नाही म्हणायचं नाही. आमच्याकडे पौषात छेरछेरा असते, पोट्टे दारोदार ओरडत धान मागत फिरतात. काका सकाळपासून सूप भरून ओट्यावर. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे सदरा बदलून पुन्हा येतात, काकांले दिसते, तरी देतात. म्हणतात, मागायले आला ना, मग! आता असा माणूस इंटरनेटसमोर बसवा. तिथे तर बारा महिने छेरछेरा. हे घ्याल का, होय. ते बसवू का, होय. तुमच्या मुखपृष्ठाची जागा मी घेऊ का, या, बसा.

मी म्हटलं, काका, अहो तो अनोळखी आहे. "अरे पण किती नम्रपणे विचारून राहिला, प्लीज लिहिलंय."

आणि बाकीचं विचारूच नका. काकांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कपाळावर चिकटवलाय. मी म्हटलं, हा लपवायचा असते. म्हणतात, "घरच्यांपासून काय लपवायचं?" घरच्यांमध्ये दूधवालापण आला, त्यालेही पाठ आहे. कॉम्प्युटर बंद करायचा तर थेट भिंतीवरचं बटण, खट्. अहो, माणूस झोपताना आधी आडवा होतो, मग दिवा घालवतो ना? त्यालेही आधी आडवं होऊ द्या, त्याच्या मेनूतून बंद करा. "तेवढा वेळ लाइट जळते." आणि विजया काकू. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी उडून येते म्हणून काकूनं कॉम्प्युटरच्या डब्याले भरतकामाचा झगा शिवला. चांगलं केलं. पण तो झगा कॉम्प्युटर चालू असतानाही अंगावर! मागची जाळी झाकलेली, आतला पंखा धापा टाकून राहिला, हात लावला तर पोळी भाजेल. मी झगा काढला तर काकू म्हणते, "राहू दे रे, उघडा बरा नाही दिसत."

आणि लॉटरी. काकांले मेल आला, तुम्हाले परदेशी लॉटरी लागली. इथे लोक एकतर फसतात नाहीतर मेल खोडून टाकतात. काकांनी काय केलं? उत्तर लिहिलं. शुद्ध कचेरीच्या इंग्रजीत. आपले पत्र मिळाले, आभारी आहे, तथापि मी तिकीट काढलेले नसल्याने सदर बक्षीस योग्य व्यक्तीस द्यावे ही विनंती. सांगा आता. मी कपाळ बडवलं. म्हटलं, काका, उत्तर दिलं की त्यांले समजते इथे जिवंत माणूस राहतो. मग जगभरातले सगळे भामटे पत्ता घेऊन येतात. आधी वाचा, मग दाबा. काका म्हणतात, "वाचलं ना. वाचून, समजून, उत्तर दिलं."

मी शिव्या देत नाही. काका आहेत. पण तोंडात आलेल्या किती गिळल्या, ते माझं मले माहीत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मले खरी आग कशाची होती, ऐका. काकांची पोट्टी राधिका. तिले नागपुरात आर्किटेक्चरले सीट मिळाली, स्वतःच्या मार्कांवर. घरात ती महिनाभर नागपूर नागपूर करून राहिली आणि काका नाही. "काहून जायचं नागपूरले? रायपूर राजधानी झालं आता. तिकडचे लोक इकडे येऊन राहिले, अन् ही चालली उलट." म्हणजे पाहा हं. हवामानाच्या पट्टीले होय. हसऱ्या तोंडांले होय. कुठल्या देशातल्या कुठल्या चोराले होय, या, बसा, चहा घ्या. आणि जी पोट्टी समोर पाटावर बसून जेवते, तिले नाही. मी हे काकांच्या तोंडावर म्हटलं. काकू म्हणाली, "शिशिर, मोठ्यांशी असं बोलतात का?" म्हटलं, मोठे असं वागतात का?

तर त्या दिवशी शेवटची मुदत होती, संध्याकाळपर्यंत. कॉलेजनं पालकाच्या मेलवर लिंक पाठवलेली, पालकानं उघडून संमती द्यायची. नाही दिली तर सीट दुसऱ्याले. काका देवळात गेलेले. मी राधिकेले म्हटलं, बाई, पासवर्ड समोर कपाळावर चिकटवलाय, दाब आणि मोकळी हो. तर तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणते, "नहीं भैया. पापा ही दबाएँगे." मी म्हटलं, ते तू मेल्यावर दाबतील. म्हणते, "तो मत दबाएँ. चोरी से नहीं जाऊँगी." आणि पान उघडून ठेवलं, खुर्ची पुसली, आणि बाजूले उभी राहिली.

काका आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले. पडद्यावर चौकट. होय, नाही.

आता माझी गंमत पाहा. वर्षभर ह्या माणसाच्या कानाशी ओरडून राहिलो, आधी वाचा, मग दाबा. आणि तेव्हा मी भिंतीले पाठ लावून मनात म्हणतो, काका, आजच्या दिवस नका वाचू. सवयीनं दाबा. कचेरी आठवा, छेरछेरा आठवा, काहीही आठवा...

काकांनी खिशातून चष्मा काढला.

मेलो. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या, चष्मा लावला, आणि बोट पडद्यावर ठेवून एकेक शब्द वाचायले लागले. इंग्रजी वाचायचं आणि मोठ्यानं मराठी करायचं, कचेरीतल्यासारखं. "आपली कन्या... कुमारी राधिका... हिला वसतिगृहात राहून... शिक्षण घेण्यास... आपण संमती देता काय?" मग थांबले. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात पळी. काका पुन्हा वरून वाचायले लागले. पुन्हा तेच. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि राधिकेकडे न पाहता म्हणाले, "महिनाभर ही सांगून राहिली. मी जाते, मी जाणार, मी जाईनच. देता का म्हणून विचारलं कोणी? यानं विचारलं."

राधिका अगदी हळू म्हणाली, "जाऊ का, बाबा?" मराठीत. ही पोट्टी घरात मराठीत बोललेली मी शेवटची कधी ऐकली, ते आठवत नाही.

"आता तू नको विचारू, त्याले उत्तर देऊ दे आधी," काका म्हणाले आणि होय दाबलं. मग एकदा आणखी दाबलं, पोचलं नसेल तर म्हणून.

राधिका नागपुरात आहे आता. मीही म्हटलं, चला, वर्षभर घसा फोडला त्याचं सार्थक झालं, माणूस वाचायले शिकला. त्याच समाधानात होतो, तर परवा फोन. "शिशिर, बेटा, जरा येऊन जा." गेलो. कॉम्प्युटर उघडला, तर सगळं चिनी. मुखपृष्ठ चिनी, पट्ट्या चिनी, हवामान कुठलंतरी तिकडचं, बर्फ पडून राहिला. म्हटलं, काका, हे काय? आधी वाचा, मग दाबा म्हटलं होतं ना?

"वाचत होतो ना," काका म्हणतात, "अर्धा तास वाचलं. एक अक्षर लागेना. मग म्हटलं, एवढ्या लांबून आलाय बिचारा..."