नऊ दाबा

दुर्मिळ आजारांच्या तपासणीला आलेले एक घड्याळजी आणि एक निवृत्त मास्तरीणबाई माझ्या शेजारच्या बाकावर बसले होते.

“तुमचं नव्या औषधाचं वर्ष संपलं ना, घड्याळजी?”

“आज संपतंय. अख्ख्या देशात अकरा जणांना असलेला आजार, आणि माझा पार गेला म्हणतात. आता सुट्टी.”

“मग तोंड पाडून का बसलात?”

“सुट्टी म्हणजे इथून येणारा सोमवारचा फोनही बंद. म्हणून आत गेल्यावर डॉक्टरांना सांगणार आहे, चक्कर येते.”

“खोटं सांगणार?”

“थोडीशीच चक्कर हो. पडण्याइतकी नाही.”

“कुठला फोन? झोप लागली का, जेवलात का, तो? मलाही येतो.”

“तोच. किती मायेनं विचारते.”

“अहो, मशीन आहे ते. हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन.”

“माहितेय, बाई. जन्मभर मशिनंच तर उघडली मी.”

“मग कशाला हा खटाटोप?”

“प्रश्न पुन्हा ऐकायचा तर नऊ दाबायचं. नऊ दाबलं की ती परत विचारते, जेवलात का.”

“किती वेळा दाबता?”

“जेवण होईपर्यंत.”